भिवनाथाची धुनी

“मग ते पडत का न्हाई?”

मठाच्या बुवांनी असं विचारलं आणि उकिडवे सर सकाळपासून पहिल्यांदाच थांबले.

“पडत का नाही, म्हणजे?”

“तुम्हीच सांगितलं न्हवं? ताऱ्याच्या आत आग व्हती म्हनून वरचा भार पेलला. आता जळण सरलं, आग इझली, वरची साल उडून गेली. मग उरल्याला गाभा आपल्याच भारानं चेपून का जात न्हाई?”

सरांना प्रश्न आवडला. श्रीनिवास उकिडवे म्हणजे खगोलशास्त्राचे प्राध्यापक. सूर्यासारखे तारे मरतात कसे, या एका विषयावर त्यांनी हयात घालवली होती. शेरखडकीच्या मठात मात्र ते त्यासाठी आले नव्हते. ज्यासाठी आले होते, ते सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

“कारण आणखी चेपायला जागाच उरत नाही,” ते म्हणाले. “सगळं इतकं घट्ट आवळलं जातं, बुवा, की त्यातला चमचाभर ऐवज भरल्या ट्रकाइतका जड. मग आतले कण हटून बसतात. यापुढे सरकणार नाही म्हणतात. त्यांच्या जिवावर तो उभा असतो, आगीच्या नाही.”

“हं…”

“श्वेतबटू म्हणतात त्याला.”

“नाव लेकराचं ठेवलंय की.”



त्यांची मुलगी चित्रा पावसाळ्याआधी गेली. एकुलती एक. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात घर रिकामं झालं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, मृणालिनीबाई, रडत नव्हत्या की बोलत नव्हत्या. चहा दिला तर पीत. सरांनी डॉक्टर केले, पाहुणे बोलावले, गाण्याच्या बैठकी केल्या, कोकणात समुद्रावर नेऊन आणलं. बाई गेल्या तशा परत आल्या. शेवटी शेजाऱ्यांनी या मठाचं नाव काढलं. देवाधर्माला हसण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते सर एसटीत बसले. अडला हरी, असं त्यांनी वाटेत स्वतःला समजावलं होतं आणि म्हण सभ्यपणे अर्ध्यावर सोडली होती.

“माझ्या घरी तसंच झालंय,” ते एकदम म्हणाले. “बायको आतून विझलीय माझी. उभी आहे, एवढंच.”

“बसत्यात कुठं?”

“काय?”

“दिसभर कुठं बसत्यात बाई?”

“चित्राच्या टेबलापाशी. तिथून हलतच नाही.” सरांना हा प्रश्न फिजूल वाटला. “बुवा, ती पुन्हा पेटेल असं काहीतरी सांगा. उपास सांगा, मंत्र सांगा. मी करीन. मी करीन म्हणतोय, यातच समजा!”

बुवा समोरच्या राखेकडे पाहत राहिले.

दोघांच्या मध्ये धुनीचं कुंड होतं. वर पांढऱ्या राखेचा ढीग, ना ज्वाळ ना धूर. भिंतीला गोवऱ्यांची चळत लावलेली, पण बुवांनी सकाळपासून त्यातली एकही घातली नव्हती.

…

शांतता प्राध्यापकांना सोसत नाही. सर उठले. एक गोवरी उचलली, तिच्या कडेनं राख उकरली आणि वाकून फुंकर घातली.

राख तोंडावर उडाली. खाली एक निखारा लाल झाला.

“पाहिलंत? आहे! अजून आहे!” सर हसले. कित्येक दिवसांत ते हसले नव्हते. त्यांनी पुन्हा फुंकलं, जीव खाऊन फुंकलं. निखारा झगझगला.

बुवांनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण पकड सुटेना.

निखारा पांढरा पडला आणि ढासळला.

“ही धुनी कुनाची, ठावं हाय?”

“तुमची.”

“माझी तिकडं.” अंगणापलीकडच्या छपरातून धूर निघत होता. “ही भिवनाथाची. माझा चेला. माझ्यामागं गादी त्याची व्हती.”

“होती?”

“नदीत गेला. पवत व्हता चांगला.”

सरांच्या हातातली गोवरी खाली पडली.

त्या मठात एक रीत होती. गोसावी गेला की त्याच्या धुनीत कुणी जळण घालायचं नाही आणि पाणीही ओतायचं नाही. ती आपली आपण निवेपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं. गुरूच्या धुनीपाशी चेल्यानं बसायचं, असा नेम. इथं नशिबानं पाट उलटा मांडला होता.

“माफ करा,” सर म्हणाले. “मला माहीत नव्हतं.”

“तुमाला कुठनं ठावं असनार…”

बुवांनी उकरलेल्या जागेवर तळव्यानं राख सारली. गादीवरची चादर नीट करावी तशी, हळूहळू. मग हात तिथंच ठेवला.

“ऊब आहे अजून?” सरांनी विचारलं.

“हाय.”

“आमच्या ताऱ्यातही असते. फार काळ असते. पण जुनीच. नवी तयार होत नाही…” त्यांचा आवाज फाटला. “परत पेटत नाही तो, बुवा. मी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं. परत पेटत नाही.”

“न्हाई पेटत.”

बुवांनी धीराचा एक शब्दही पुढं जोडला नाही. सर वाट पाहत राहिले. मग त्यांना रडू कोसळलं, आणि ते मोठ्या माणसाचं ओबडधोबड रडणं बराच वेळ थांबलं नाही.

आतून एक गोसावी आला, काही न बोलता बुवांच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं उठून गेला. त्याच्या जागी दुसरा येऊन बसला.

“मग मी घरी जाऊन करू काय?” सरांनी उपरण्यानं डोळे पुसले. “ती निवताना नुसतं बघत बसू?”

बुवांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“कोन निवतंय म्हनालात?”

“माझी बायको. दुसरं कोण?”

…

बुवांचा हात राखेवरून हलला नाही.

“मी हितं बसलोय,” ते म्हणाले, “तर ही मानसं आळीपाळीनं माझ्यापाशी येत्यात. तिथं त्या टेबलापाशी, लेकराच्या धुनीपाशी, बाई एकट्याच बसल्यात, मास्तर.”