रात्याचा मुडा

"मुडा देनार का नाय, तेवढं सांगा, बुवा."

हिराजीने पुन्हा विचारलं. पोशाबुवा चुलीत लाकूड सारत राहिले.

खाडीकाठच्या त्या मठीत, चुलीच्या वर, पेंढ्यात गुंडाळून बांधलेला एक लहानसा मुडा टांगलेला होता. त्यात राता होता, खाऱ्या मातीतही तग धरणारं जुनं लाल भात. गावात बियाणं म्हणून तेवढंच उरलं होतं.

बाकीचं संपलं ते हिराजीमुळे. बुवांचा हा सगळ्यात हुशार शिष्य, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. गावाचा बांध नवा झाला तेव्हा तो दारोदार सांगत फिरला, "बांध चांगला हाय. आता राता कशाला लावता?"

लोकांनी नवं भात लावलं. जुनं बियाणं कांडून खाल्लं. सुगीनंतर प्रत्येक घराने रात्याची एक मूठ मठीत आणून टाकायची रीत होती, तीही मोडली. एकटी चांगुणा म्हातारी मूठ आणत राहिली. हिराजी तिला हसायचा.

मग उधाणात बांध फुटला. दाण्यात दूध भरत असताना खारं पाणी शिरलं आणि नवं भात उभ्याउभ्या जळून गेलं. खारावलेल्या जमिनीत यंदा रात्याशिवाय काही येणार नव्हतं. घराघरांत पेज पातळ होत चालली होती.

बुवा उठले. मुडा खाली काढून सोडला, दाणे सुपात ओतले. सुपाचा तळही नीट झाकला गेला नाही.

"घे. वाट. घराला एक मूठ."

"मुठीनं काय होनार? सगलं माझ्या शेतात पेरू. मी राखतो. पुढल्या साली अख्ख्या गावाला बियानं देतो."

"घराला एक मूठ."

"बुवा, लोक उपाशी हायेत. निम्मे शिजवून खातील!"

"खातील."

"कुनाच्या शेतात पानी शिरंल."

"शिरंल."

"आनि तरी वाटू?"

बुवांनी सूप त्याच्याकडे सरकवलं.

गाव हिराजीला खरोखरच वाचवायचं होतं, एवढं त्याच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. रात्री त्याला झोप लागत नव्हती.

"माझ्या हातनं चुकलं, बुवा. ते मलाच निस्तरू द्या. या खेपेला शेताला दगडाचा बांध घातलाय मी. एकट्यानं. येऊन बघा, बांध चांगला हाय."

बुवांनी सूप उचलून त्याच्या हातांत ठेवलं.

"गेल्या साली पन चांगलाच होता, बाबा."