जड चाकांची जीप आणि चिखलाच्या चपला

आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना रुबाबाची भारी हौस. त्यांनी जीपला ट्रॅक्टरला शोभतील अशी थोराड, जड चाकं बसवली. मग काय, जीप देवळाच्या टेकडीचा चढ चढेना, आणि दोष आला ड्रायव्हर इलाहीवर.

"तुला हाकताच येत नाही. उद्यापासून घरी बस!"

"बसतो की. पण आज तुम्हाला पूजेला पोचवणारच. या वावरातून जवळ पडतं, चला."

वावर काळं, नुकतंच भिजवलेलं. इलाहीनं आपल्या चपला आधीच काखेत मारल्या. साहेब कसले काढतात! चार पावलांत त्यांच्या चपलांना चिखलाचे थर चढले. साहेब वीतभर उंच झाले, पण पाय उचलेना.

"चला की भराभर! का चालताच येत नाही तुम्हाला?"

"गाढवा, पायाला चिखल बघ किती! एवढं ओझं खांद्यावर असतं तर पळालो असतो."

"मग जीप तरी वेगळं काय सांगतेय, साहेब? तिच्या पायातलं ओझं उतरवा, मग बघा मला हाकता येतं का!"

साहेबांनी तिथंच चपला काढून हातात घेतल्या. संध्याकाळी जुनी चाकं बसली, जीप एका दमात देवळापाशी. इलाहीची नोकरी शाबूत आहे. फक्त ते वावर आलं की साहेब दुसरीकडे बघतात.