बर्फ मोजणारा गोंदाजी आणि हत्तीची झूल

उत्तरेच्या डोंगरांपाशी वसलेल्या एका राज्यात बर्फ मोजणारा एक माणूस राहत होता. त्याचे नाव गोंदाजी. डोंगरांपलीकडे, महिनाभराच्या वाटेवर, एक समुद्र होता. पाऊसकाळ सरला की तो गोठू लागे. गोंदाजी दरवर्षी तट्टावर बसून तिथे जाई, बर्फाला भोक पाडून त्यात खुणा केलेली काठी घाली आणि बर्फ किती जाड झाला ते पाहून परत येई. काठी त्याच्या आजोबांची होती. तिच्याशिवाय तो बाजारातसुद्धा जात नसे.

राज्यातला रिवाज सोपा होता. बर्फ जाड निघाला की लोकांनी गोधड्या बाहेर काढायच्या, पातळ निघाला की पेटीतच ठेवायच्या. हा रिवाज कोणी पाडला ते कोणालाच माहीत नव्हते. गोंदाजीच्या हयातीत बर्फ दरवर्षी जाडच निघाला होता. त्यामुळे रिवाज बरोबर आहे की चूक, हे पाहण्याची वेळच हल्लीच्या कोणावर आली नव्हती.

त्या वर्षी मात्र काठीची पहिली खूणसुद्धा बुडाली नाही. कित्येक ठिकाणी तर बर्फ नव्हताच. उघड्या पाण्यावरून वाफा निघत होत्या. गोंदाजी तट्टाला फारशी विश्रांती न देता परत आला आणि थेट दरबारात गेला.

बर्फ घटल्याचे ऐकून राजा चित्रसेन खूश झाला. लाडोबा नावाच्या आपल्या लाडक्या हत्तीला जमिनीपर्यंत लोळणारी झूल शिवावी, अशी त्याची फार दिवसांची हौस होती. "आता थंडी कसली पडते," तो म्हणाला. "घरोघरच्या गोधड्या जमा करा. पौषातल्या मिरवणुकीला लाडोबाची झूल तयार पाहिजे."

"महाराज, गोधड्या घेऊ नका," गोंदाजी म्हणाला. "तिकडे बर्फ कमी झालाय, म्हणूनच इकडे कडाक्याची थंडी पडण्याची भीती आहे."

दरबार खो खो हसला. राजज्योतिषी आनंदशास्त्री सर्वांत मोठ्याने हसले. दरवर्षी 'सर्व काही शुभ आहे' असे सांगून ते शाल घेत असत.

"म्हणजे गोंदाजी, चूल विझली की भात लवकर शिजतो म्हणायचा," शास्त्री म्हणाले. "बरं, थंडी येणार हे नक्की का?"

"नक्की नाही. माझ्या आजोबांनी काठीवर पातळ बर्फाची चार वर्षं कोरून ठेवली आहेत. त्यातली तीन वर्षं इथल्या विहिरी गोठल्या होत्या. चौथं वर्ष सुखरूप गेलं."

"बघा महाराज, यालाच खात्री नाही."

"मी त्या बर्फावर उभा राहून आलोय, शास्त्रीबुवा. तुम्ही वाड्याच्या गच्चीवर तरी चढलात का?"

शास्त्रींचे हसू मावळले. राजालाही ते आवडले नाही, पण राजा मनाने वाईट नव्हता. त्याने गोंदाजीला जवळ बोलावले. "चारचौघांत एवढंच म्हण, की बर्फ गेला आणि थंडीही गेली. मिरवणुकीत तुला माझ्या शेजारी अंबारीत बसवतो. नाही म्हणालास तर काठी इथे ठेवून जा."

गोंदाजीने काठीकडे पाहिले. तिच्यावर आजोबांच्या हातच्या खुणा होत्या. मग त्याने ती सिंहासनाच्या पायरीवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी घरी गेला. दुसऱ्याच दिवशी त्या काठीवर राणीच्या महालातला पडदा लटकू लागला.

घरी त्याची बायको ठकूबाई गोधडी शिवत बसली होती. तिच्या हातच्या गोधड्या राज्यभर घरोघरी होत्या. तिने सगळे ऐकून घेतले आणि दरबारात कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला.

"पण अहो, असं होतं तरी का?"

गोंदाजी खाली बसला. "तिकडची थंडी म्हणजे गुरांचं मोठं खिल्लार समज. तिच्याभोवती वारा गोल गोल धावत असतो, गुराख्यासारखा. समुद्रावर बर्फाचं झाकण घट्ट असलं की तिकडची हवा गारठलेली राहते, आणि वारा जोरात धावतो. थंडी कोंडलेली राहते. झाकण निघालं की पाण्याची ऊब वर चढते. मग वारा सुस्तावतो, वेडावाकडा चालायला लागतो. गुराखी असा भरकटला की खिल्लार कुठे जाईल?"

"आपल्या अंगणात," ठकूबाई म्हणाली. ती जरा विचार करून हसली. "झूल मलाच शिवायला सांगणार ना?"

झूल तिलाच शिवायला सांगितली. गाड्या भरभरून गोधड्या आल्या. झूल शिवा, असा हुकूम होता. गोधड्या उसवा किंवा कापा, असा नव्हता. टाका कसला घालायचा, हेही कोणी सांगितले नव्हते. ठकूबाईने अख्ख्या गोधड्या एकीला एक जोडल्या, त्याही लांब लांब कच्च्या टाक्यांनी, आणि सगळ्यांतून एकच दोरा ओवला.

"आणि थंडी नाहीच आली तर?" गोंदाजीने विचारले.

"तर लाडोबाची झूल झाली. कोणाचं काय बिघडलं?"

पौष महिन्यात मिरवणूक निघाली. सकाळी ऊन होते. दुपारी उत्तरेकडून वारा सुटला आणि बघता बघता तळ्याच्या कडेला बर्फ धरला. सनईवाल्यांचे ओठ बधिर झाले. अंबारीत रेशमी अंगरख्यातला राजा कुडकुडू लागला. शेजारी बसलेल्या आनंदशास्त्रींनी 'सर्व काही शुभ' म्हणायला तोंड उघडले, पण दातांवर दात वाजून 'सर्व' पुढे काही जाईना. सगळ्या गर्दीत ऊब फक्त लाडोबाच्या पोटाला होती.

तेवढ्यात ठकूबाई पुढे झाली. तिने झुलीचे टोक धरले आणि दोरा सर्रकन ओढला. गोधड्या एकामागून एक खाली घसरल्या. "ही माझी, हिला आमच्या आत्याच्या लुगड्याचा काठ आहे," एक बाई ओरडली आणि मग एकच झुंबड उडाली. घटकाभरात सगळा गाव आपापल्या गोधडीत गुंडाळला गेला. लाडोबालाही एक मिळाली. त्या गोधडीत त्याचा जेमतेम एक कान झाकला गेला.

राजाच्या वाट्याला गोधडी नव्हती. त्याने तर आयुष्यात गोधडी पांघरली नव्हती. तो खाली उतरून काखेत हात घालून उभा राहिला. गोंदाजीने आपली गोधडी अर्धी उघडली आणि राजाला आत घेतले.

अंगात ऊब आल्यावर राजा म्हणाला, "गोंदाजी, मी चुकलो. पण बर्फ कमी झाला की थंडी इकडे येते, ती का रे?"

"हेच दरबारात विचारायचं होतं, महाराज," गोंदाजी म्हणाला, आणि त्याने खिल्लाराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

पडदा उतरला आणि काठी गोंदाजीला परत मिळाली. तिच्यावर त्याने पातळ बर्फाचे पाचवे वर्ष कोरले. पुढच्या वर्षी समुद्राकडे दोन तट्टे निघाली. दुसऱ्यावर आनंदशास्त्री होते, राजाच्या हुकमाने. त्यांनी अंगावर तीन गोधड्या घेतल्या होत्या.

तात्पर्य: जो स्वतः पाहून आला आहे, त्याचे बोलणे विचित्र वाटले म्हणून खोटे ठरत नाही, त्याला हसण्याआधी 'का' एवढे तरी विचारावे.