उलट्या चेहऱ्याची मोहर

एका राज्यात एके सकाळी राजा धवलसेन झोपेतून उठला, तो त्याला नाक नव्हते. जखम नाही, रक्त नाही; नाकाच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. राजवैद्यांनी नाडी पाहिली, नसलेल्या नाकाला लेप लावला आणि दक्षिणा घेऊन ते घरी गेले. दुसऱ्या सकाळी कान गेले. त्याच वेळी राज्यातल्या साऱ्या मोहरांवरच्या राजाच्या चित्राचेही नाक-कान पुसले गेले. भर बाजारात माणसे मोहरा तळहातावर घेऊन उभी राहिली आणि सारे देणेघेणे थांबले.

राजकन्या हिरण्येला वडिलांवाचून कुणी नव्हते. तिची आई, राणी मेखला, टांकसाळीची मुख्य होती. हिरण्या रांगत असतानाच ती वारली, असे तिला सांगण्यात आले होते. आता वडिलांचा चेहराही डोळ्यांदेखत पुसत चालला होता. मोहरा जिथे घडत, त्या टांकसाळीत ती धावत गेली. तिथल्या कौलांवर एक साळुंकी राही, आणि ती बोलत असे. त्या राज्यात कुणाला त्याचे नवल नव्हते.

साळुंकी म्हणाली, "राजाने एका खऱ्या मोहरेला खोटी म्हटले. त्या मोहरेचा हा शाप. पिकायला वर्षे लागली, आता पिकला आहे. राजाचे ओठ जाण्याआधी त्याने ती मोहर हाती धरून खरे बोलावे. ओठ गेले की श्वास जाईल."

"मोहर कुठे आहे?"

"काळ्या डोंगरात. तीन दारे लागतील. प्रत्येक दाराशी एक मोहर दाखवतील आणि विचारतील, खोट की इजा? टांकसाळीत घडताना राहते ती खोट, बाहेर पडल्यावर होते ती इजा. डोळ्यावर विसंबू नकोस. सोने कुठे गेले, ते बोटाला विचार. चुकलीस तर तुझाही चेहरा जाईल."

हिरण्या निघाली. पहिल्या दाराशी नाग होता. त्याच्या मोहरेवर राजाच्या गळ्यावरून एक खोल रेघ गेली होती. हिरण्येने बोट फिरवले. रेघेच्या दोन्ही काठांना सोने वर सरकून खरखरीत झाले होते. कुणीतरी मागाहून ओरखडा काढला होता. "इजा," ती म्हणाली. नाग बाजूला झाला.

दुसऱ्या दाराशी दगडी वाघ होता. त्याच्या मोहरेवर गालावरून तशीच रेघ. हिरण्येच्या जिभेवर तेच उत्तर आले होते, पण तिने आधी बोट लावले आणि ती दचकली. रेघ खाली गेलेली नव्हती, वर उठलेली होती. मोहर ज्यावर ठेवून ठोकतात त्या ठशालाच तडा गेला होता, आणि ठोका बसताच सोने त्या तड्यात शिरले होते. "खोट," ती म्हणाली. वाघाने दार उघडले. चेहरा थोडक्यात वाचला होता.

तिसऱ्या दाराशी एक बाई बसली होती. तिला चेहराच नव्हता. बाईने मोहर पुढे केली. एका बाजूला राजाचा चेहरा होता. दुसऱ्या बाजूला राजचिन्ह हवे, तिथेही राजाचाच चेहरा, पण आत गेलेला आणि उलटा. पाहणाऱ्याला वाटावे, कुणी दुसरी मोहर हिच्यावर ठेवून हातोडा घातला. हिरण्येने मोहर पालथी केली. तसा हातोडा बसता, तर खालचा चेहरा चेपला असता. तो जराही चेपला नव्हता. मिशीचा केस न् केस शाबूत होता.

"खोट," ती म्हणाली. "आधीची मोहर राजचिन्हाच्या ठशाला चिकटून राहिली आणि पुढची तिच्यावरच ठोकली गेली. मोहर खरी आहे."

बाईच्या कोऱ्या कातडीवर आधी भुवया उमटल्या, मग डोळे, मग ओठ. हिरण्या पाहतच राहिली. तो चेहरा तिचा स्वतःचाच होता, फक्त वयाने मोठा.

"मी मेले नव्हते, बाळ," राणी मेखला म्हणाली. "मला हाकलले होते. या डोंगरात टाकलेल्या माणसाचा चेहरा राहत नाही."

हिरण्येला रडावे की ओरडावे कळेना. तिने आईचा हात घट्ट धरला आणि दोघी राजवाड्याकडे धावल्या.

त्या दरबारात पोहोचल्या तोवर राजाचे डोळे गेले होते, ओठांची नुसती रेघ उरली होती. हिरण्येने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि मोहर त्याच्या हातात दिली. त्याने बोट फिरवले, आणि आत गेलेला चेहरा ओळखला.

"खरी आहे," तो पुटपुटला. दरबार वाट पाहत राहिला, पण काहीच घडले नाही. ओठ आणखी बारीक झाले.

तेव्हा राणी म्हणाली, "महाराज, सगळे बोला."

"मला त्या दिवशीही ठाऊक होते," राजा म्हणाला. "माझा उलटा चेहरा पाहून दरबार हसला. मला ते सोसवेना. म्हणून मी मोहर खोटी ठरवली, आणि ती घडवणाऱ्या राणीला दगाबाज ठरवून हाकलले, वर ती मेल्याचे सांगितले."

वडिलांनीच आपली आई जिवंतपणी मारली होती, हे हिरण्येला कळले आणि तिने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. त्याच क्षणी राजाचे डोळे परत आले, मग नाक, मग कान. बाजारातल्या मोहरांवरही चेहरे उमटले. परत आलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसली ती राणी. त्याने हात जोडून क्षमा मागितली.

राणी म्हणाली, "माझ्या हातून खोट झाली, महाराज. खोटे तुम्ही बोललात."

ती राजवाड्यात राहिली नाही. तिने टांकसाळीच्या किल्ल्या मागून घेतल्या, आणि हिरण्या तिच्याबरोबर चालू लागली. त्या राज्यात शाप फिटला, व्यवहार सुरळीत झाले. राजा मात्र रोज सकाळी टांकसाळीच्या दाराशी येऊन उभा राही, आणि आतून कुणी बोलावीपर्यंत उंबरा ओलांडत नसे.