खळीची मेणबत्ती

“माझं कुणी खरं मानलं नाही! एवढ्या माणसांत एकानेही नाही!”

फार वर्षांपूर्वी, डोंगराखालच्या एका राज्यात, राजाच्या सदरेसमोर उभी राहून एक बाई अशी ओरडली होती. का ओरडली ते ऐका. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर नीटच ऐका, कारण चूक मोठ्यांनीच केली होती.

ही बाई घरी मेणबत्त्या करायची. रानातल्या पोळ्यांचं मेण आणायची, वितळवून फडक्यातून गाळायची, बांबूच्या नळीत वात ताणून त्यात ओतायची. मेणात केवड्याचं अत्तर घालायची. पण कधी? भांडं चुलीवरून उतरवून, करंगळीला सोसेल इतकं मेण निवलं की मगच. कढत्या मेणातलं अत्तर उडून जातं. घर घमघमतं आणि मेणबत्ती कोरी राहते.

मेण निवताना आक्रसतं आणि वातीभोवती खळी पडते. शेजारणी म्हणायच्या, “अगं, वरून मेण ओतून बुजव की ती.”

“गार मेण धरत नाही, आणि कढतं ओतलं तर अत्तर जातं. मेणबत्तीचा वास घ्यायचाय, तिच्याशी लग्न लावायचं नाही!” ती म्हणायची.

राजाची आई आंधळी होती. तिच्या लाडक्या नातीचं लग्न ठरलं, तेव्हा आईसाहेबांनी या बाईला बोलावून घेतलं आणि अत्तराची कुपी हातात दिली. म्हणाल्या, “उजळलेला मांडव मला दिसायचा नाही, बाई. दिवे लागल्याचं निदान नाकाला कळू दे.”

बाईने बारा दिवस खपून शंभर मेणबत्त्या केल्या आणि कोठावळ्याच्या हवाली केल्या. कोठावळा म्हणजे राजाच्या कोठीचा कारभारी. धान्य, तेल, तूप, दिवाबत्ती, सगळं त्याच्या किल्लीखाली.

लग्नाची संध्याकाळ झाली. मेणबत्त्या लागल्या. उजेड पडला, पण वास काही येईना.

“दिवे लावले का गं?” आईसाहेबांनी विचारलं.

“लावले की, आईसाहेब.”

थोड्या वेळाने पुन्हा, “खरंच लावले?”

“खरंच लावले.”

म्हातारीचा चेहरा उतरला. “डोळे नाहीत म्हणून मला फसवता होय?” असं म्हणून ती मांडवातून उठून आत गेली. नवरीच्या डोक्यावर सगळ्या गावाच्या अक्षता पडल्या, आजीच्या तेवढ्या पडल्या नाहीत.

सकाळी राजाने बाईला सदरेवर उभं केलं. “कुपी कुठे जिरवलीस?”

“सगळी मेणातच घातली, महाराज. पण काल जळल्या त्या माझ्या नव्हेत. माझ्या मेणबत्तीच्या डोक्याला खळी असते. या न लावता उरलेल्या बघा, कशा गुळगुळीत आहेत.”

“जशा आल्या तशा लावल्या,” कोठावळा म्हणाला. “अत्तर लुगड्याला चोपडलं असेल बाईने!”

सदर खो खो हसली.

“ये, घे वास लुगड्याचा!” बाई कडाडली. “धुराचा येईल आणि घामाचा येईल. तुला दोन्ही ओळखू यायचे नाहीत!”

हसू थांबलं, पण विश्वास कुणी ठेवला नाही. राजाने हुकूम दिला, “सूर्य डोक्यावर यायच्या आत गाव सोड.”

सुरुवातीला सांगितलं ते बाई तेव्हाच ओरडली, आणि मेणाचं भांडं डोक्यावर घेऊन निघाली. वाट कोठीच्या मागून जात होती. बघते तर कोठीच्या खिडक्या घट्ट बंद, आणि फटींवर मधमाश्या घोंघावतायत. धान्याच्या कोठीत मधमाशीचं काय काम? बाईने फटीला नाक लावलं. मग भांडं तिथेच टाकलं आणि लुगडं सावरत माघारी सदरेकडे पळत सुटली.

“महाराज, घालवायचं तर घालवा. पण आधी आईसाहेबांना बाहेर आणा. वास जिथे राहिला तिथेच मेणबत्ती लुटली गेली. आधी माझं घर हुंगा, मग याची कोठी.”

आईसाहेब काठी टेकत आल्या. बाईच्या घरात त्यांना धुराचा वास आला, ताकाचा आला, सारवणाचा आला. केवड्याचा आला नाही. मग सगळे कोठीकडे वळले.

“किल्ली... किल्ली कुठे पडली, कोण जाणे,” कोठावळा चाचरला.

“मग मघापासून तुझ्या कमरेला वाजतंय ते काय?” आईसाहेब म्हणाल्या.

दार उघडलं आणि केवड्याचा लोट अंगावर आला. डाळीला केवडा, तुपाला केवडा. कोपऱ्यात मेण थिजलेली कढई.

कोठावळ्याने पाय धरले. “चोरी नाही केली, आईसाहेब! खळ्या बघून वाटलं, हिने काम कसंतरी उरकलं. लोक मला नावं ठेवतील म्हणून सगळ्या कढवल्या, पुन्हा ओतल्या आणि खळ्या बुजवल्या. वास उडाला. मग घाबरलो आणि खिडक्या लावून घेतल्या.”

“आणि हिला गावाबाहेर काढलं, तेव्हा का नाही बोललास?” आईसाहेबांनी विचारलं.

कोठावळ्याने कपाळ जमिनीला टेकलं.

बाई मटकन उंबऱ्यावर बसली. कुणी तांब्याभर पाणी दिलं, ते ती एका दमात प्यायली आणि म्हणाली, “सुटले गं बाई!” टाकलेलं भांडं खुद्द राजाने उचलून आणलं.

दुपारी तिने नव्या कुपीतलं अत्तर घालून एकच मेणबत्ती केली, खळीसकट. संध्याकाळी नवरी सासरी निघाली तेव्हा ती लावली. आईसाहेबांनी मान वर केली. “लागला! लागला गं दिवा!” आणि राहिलेल्या अक्षता नातीच्या डोक्यावर टाकल्या.

कोठावळ्याला शिक्षा झाली ती अशी: वर्षभर रोज त्या बाईच्या घरी जायचं आणि मेण निवलं की नाही ते आपल्या करंगळीने बघायचं. पहिल्या महिन्यात पुष्कळदा ओरडला. मग शिकला.

तेव्हा लक्षात ठेवा: आपली चूक झाकून ठेवली, तर तिची शिक्षा निर्दोष माणसाला भोगावी लागते.

गोष्टीत मी कुणाचंच नाव घेतलं नाही. पण अर्धा दिवस एका बाईला विनाकारण चोर म्हणत होते, म्हणून खऱ्या दोषी माणसाचं नाव सांगूनच उठते. त्या कोठावळ्याचं नाव होतं सुभानजी.