चिमीचं वजन

एका गावात एक भोळा बाप होता, आणि बाप होऊन त्याला जेमतेम वीस दिवस झाले होते. नाव उमाजी. कामाला वाघ, मनाचा साखर. फक्त सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकायचा, एवढंच त्याचं दुखणं.

त्याची बायको सुलक्षणा. तिला सगळे सुली म्हणायचे. सुलीचं सिझर झालेलं. टाके अजून ओढत होते, ओढ्यापलीकडच्या दवाखान्यापर्यंत चालणं तिला जमत नव्हतं. म्हणून दवाखान्याचं सगळं उमाजीकडे आलं. सुलीला घोर लागायला एवढं पुरेसं होतं.

लेक चिमी ओंजळीत मावेल एवढी. सुली दिवसातून वीस वेळा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. त्यात शेजारणींचे सल्ले. एक म्हणे मध चाटव, दुसरी म्हणे घुटी उगाळ, तिसरी म्हणे दृष्ट लागलीय. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मध आणि घुटी दोन्ही बंद केलं आणि अंगावरचं दूध तेवढं पाजायला सांगितलं.

या नर्सबाई नोकरी करता करता पुढचं शिकत होत्या. त्यासाठी त्यांनी एक संशोधन काढलं होतं. आसपासच्या वाड्यांतली वीस बाळं घ्यायची. दहांना रोज खोबरेल तेलाने मालीश करायचं, दहांना तेल लावायचं नाही, आणि कुणाचं वजन जास्त वाढतं ते बघायचं. त्या घरी आल्या तेव्हा सुली म्हणाली, तेलाने वाढतंच की, सगळ्या आज्या तेच सांगतात. त्यावर नर्सबाई म्हणाल्या, "आजी सांगते म्हणून नाही, आणि मी सांगते म्हणूनही नाही. मोजून दिसेल ते खरं." सुलीला ते फार पटलं. चिमी तेलवाल्या दहांत होती.

जाताना उंबऱ्यात उभ्या राहून त्या उमाजीला म्हणाल्या, "उद्या सकाळी बाळाचं वजन घेऊन या."

उमाजी सकाळीच वाण्याकडे गेला. जन्माच्या वेळी दवाखान्याने दोन किलो शंभर सांगितलं होतं, ते त्याला पाठ होतं. त्याने वाण्याकडून दोन किलोचं एक लोखंडी वजन घेतलं, शंभर ग्रॅमचं एक घेतलं आणि दोन्ही नर्सबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"बाळाचं वजन. संध्याकाळी परत द्यायचंय, वाण्याचं अडलंय."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, असं नसतं. ज्याचं मोजायचं ती वस्तूच इथं आणायची. अख्खी."

"बरं," उमाजी म्हणाला. "पुढच्या वेळी तसं."

मग तो चिमीला घेऊन आला. काट्यावर दोन किलो शंभरच भरलं, वीस दिवसांत जिथल्या तिथं. नर्सबाई गंभीर झाल्या. त्यांनी सुलीला निरोप दिला, की आठ दिवसांत दोनशे ग्रॅम तरी वाढलं पाहिजे, नाहीतर तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. हा निरोप उमाजीने बरोबर पोचवला. नेमका हाच बरोबर पोचवला. सुलीच्या हातातली वाटी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, मालीशला कुठलं तेल वापरता, ते जरा बघायला आणा. उमाजीला कालची शिकवण आठवली. अख्खी वस्तू. घरात वर्षाच्या खोबरेल तेलाचा पंधरा किलोचा डबा होता, तो त्याने डोक्यावर घेतला. ओढ्यात पाय घसरला. अर्धं तेल ओढ्याला गेलं, उरलेलं उमाजीला. दवाखान्याच्या पायरीवर तो उभा राहिला तेव्हा त्याचंच मालीश झालेलं होतं.

"अहो, सगळं कशाला आणलंत? नमुना आणायचा. चिमूटभर, थेंबभर. थोड्यावरून सगळ्याचं कळतं."

"बरं. पुढच्या वेळी तसं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी चिमीचं लसीकरणाचं कार्ड मागवलं. उमाजीने कार्डाचा एक कोपरा फाडला, घडी घालून खिशात ठेवला आणि नेऊन दिला. त्या कोपऱ्यावर फक्त 'चि' होतं.

नर्सबाईंनी तो 'चि' टेबलाच्या खणात ठेवला. मग त्यांनी त्याला एक कोरी वही दिली. म्हणाल्या, "उमाजीदादा, आता काही आणू नका. फक्त लिहा. बाळाला रोज काय होतं, ते जे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही, दिसलेलं काही गाळायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसं."

तो उंबऱ्यात वही घेऊन बसला. दोन दिवसांनी नर्सबाईंनी वाचलं ते असं होतं: 'बाळ निजलं. भिंतीवर पाल. बाळ उठलं. पाल गेली. सुली रडली. सुली म्हणाली हे लिहू नका. लिहिलं.'

"आणि मालीश?"

"मालीश करताना सुली मला बाहेर काढते. म्हणते, मधे मधे येता. मग मला दिसत नाही."

सुलीला मात्र वेगळाच घोर लागला होता. तेलवाली बाळं नर्सबाईंनी अशक्त बघूनच निवडली असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिने उमाजीला तेवढंच विचारून यायला सांगितलं. नर्सबाई हसल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की तोंड बघून निवडलं की माणूस आवडीचं, गुटगुटीत असंच उचलतो, मग मोजण्याला अर्थ उरत नाही.

"म्हणून तोंड बघायचंच नाही. डोळे मिटायचे, चिठ्ठी उचलायची. निघेल ते आपलं."

हे उमाजीला फार आवडलं. इतकी सोपी गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती. घरी आल्यावर सुलीने चहात साखर टाका म्हटलं. फळीवर दोन डबे होते. उमाजीने दोन चिठ्ठ्या केल्या आणि डोळे मिटून एक उचलली. मीठ निघालं. सुलीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पण बाळंतिणीने चिडू नये, दुधावर परिणाम होतो, असं तिला कुणीसं सांगितलं होतं. म्हणून ती चिडली नाही. हे मात्र अजून कुणी मोजून बघितलेलं नव्हतं.

आठवा दिवस उजाडला. सुलीने चिमीला पोटभर पाजलं, दवाखान्याने दिलेल्या पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलं आणि उमाजीच्या हातात देताना दहा वेळा बजावलं. ओढा जपून उतरा. डोकं धरा. वजन झालं की सरळ घरी या. मग ती उंबऱ्यात बसली. समोर एक पिशवी भरून ठेवली होती, तालुक्याला जावं लागलं तर लागेल म्हणून. त्यात दुपटी होती, अंगारा होता आणि तिचं सातवी पासचं सर्टिफिकेट होतं. मोठ्या दवाखान्यात काय मागतील सांगता येत नाही.

दवाखान्यात त्या दिवशी चिमी धरून तीन बाळं होती. वजन करून तिन्ही तसल्याच पांढऱ्या दुपट्यांत गुंडाळून खाटेवर ओळीने निजवलेली. बाकी दोघांच्या आया ओसरीवर नोंदवहीत अंगठा द्यायला गेल्या होत्या. नर्सबाई आत आकडे लिहीत होत्या. त्यांनी आतूनच हाक दिली, "उमाजीदादा, तुमचं बाळ उचला बरं."

उमाजी खाटेपाशी आला आणि बघणार, एवढ्यात त्याला आठवलं. तोंड बघायचं नाही. त्याने झटकन डोळ्यांवर हात घेतला. वहीच्या पानाच्या तीन चिठ्ठ्या केल्या: भिंतीकडचं, मधलं, दाराकडचं. डोळे मिटून एक उचलली. दाराकडचं निघालं.

सुलीला तो लांबूनच दिसला. घामाघूम झाला होता, पण तोंडावर हसू होतं.

"सुले, वजन वाढलं."

तिने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. "किती?"

"जाताना एका हातात मावत होती. येताना ओढ्यात दोनदा टेकायला लागलं. पाच किलो तरी वाढलं असेल."

सुलीने दुपट्याचं टोक बाजूला केलं. आतून सात महिन्यांचा एक गुटगुटीत पोरगा जागा झाला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि खालचे दोन दात दाखवून हसला.

"अहो," सुली अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझी चिमी कुठंय?"

"चिठ्ठी हीच निघाली," उमाजी म्हणाला.

सुलीला टाके आठवले नाहीत, ओढाही आठवला नाही. ती पुढे आणि उमाजी पोरगा घेऊन मागे. दवाखान्याच्या पायरीवर त्या पोराची आई, तांबोळ्यांची शबाना, रडत बसली होती, आणि रडता रडता पदराआड भुकेल्या चिमीला पाजत होती. दोघींनी बाळं बदलून घेतली. तोंड बघायचं नाही म्हणून उमाजीने तेवढ्यात डोळे मिटून घेतले होते. सुलीने नाकाशी बोट धरलं. श्वास होता. दुधाचा वास होता.

नर्सबाईंनी आधीच लिहिलेला आकडा वाचून दाखवला. चिमी दोन किलो तीनशे चाळीस. दोनशेच्या वर चाळीस. तालुक्याला जायचं कारण नाही. सुली तिथंच पायरीवर बसली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

नर्सबाई उमाजीला म्हणाल्या, "दादा, आता कुणाचं काही उचलू नका. ती वही तेवढी देऊन जा. तालुक्याला पाठवायचीय."

"बरं. आजचं लिहायचं राहिलंय, तेवढं लिहितो."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं. मनाचं काही घातलं नाही, दिसलेलं काही गाळलं नाही. वही बंद करून त्याने नर्सबाईंना दिली, त्यांनी ती न वाचताच पाकिटात घातली, आणि त्याच दिवशी ती तालुक्याला गेली.

आता तिथले मोठे डॉक्टर डोकं धरून बसलेत. वहीत शेवटी लिहिलंय: 'तेलाने बाळ सकाळी पाच किलो वाढलं. दोन दात आले. मुलगा झाला. दुपारी परत पहिल्यासारखं. तेल पुरलं नाही वाटतं, उद्यापासून दुप्पट लावू.'