वचन शुद्ध

"परत यायचंच नाही हे ठाऊक असताना माणूस बरोबर काय घेतो, माताजी?"

निर्वेदमती माताजी चालत राहिल्या. वय एकाहत्तर, पाय अनवाणी. अंगावर एक पांढरी साडी, एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हातात कमंडलू. पंचेचाळीस वर्षं त्या अशाच चालत होत्या, आणि एवढ्या काळात एकदाही गाडीत बसल्या नव्हत्या.

"तुमची माणसं काय घेतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्या कादंबरीतली इरा मंगळावर जाते. एकेरी प्रवास. तिला चाळीस किलो सामानाची परवानगी आहे. मी सगळी यादी केलीय. आईच्या लुगड्याचा तुकडा, गावची माती..."

"माती कशाला? तिथं नाही होय माती?"

हेमांगी टिपणीस हसली. पण वहीत तिनं ते लगेच टिपून घेतलं.

हेमांगीच्या अकरा कादंबऱ्या प्रसिद्ध होत्या. दर रविवारी वर्तमानपत्रात तिचं सदर येई. निवडणूक असो, युद्ध असो, अवकाशयान असो, तिचं मत ठरलेलं असे आणि लोक ते वाचण्यासाठी थांबलेले असत. बाराव्या कादंबरीत मात्र ती अडली होती. इरा आईचा निरोप घेते, ते प्रकरण सात वेळा लिहून सात वेळा फाडलं होतं. तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं, परत न फिरण्यासाठी घर सोडलेली जिवंत बाई भेटायची असेल तर जतच्या रस्त्याला जा.

म्हणून ती पुण्याहून आली होती. सूर्य उगवल्यापासून माताजींबरोबर चालत होती. मागे आणखी दोन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, होत्या. चतुर्दशी असल्यामुळे त्या दोघींचा उपवास होता.

"तुम्ही घर सोडलंत तेव्हा आईला काय म्हणालात?"

रस्त्याच्या कडेनं बाभळी सरकत गेल्या.

"म्हशीला पेंड घातली का, असं विचारलं."

"आणि?"

"ती हो म्हणाली."

"एवढंच?"

"पेंड घातली होती ना तिनं..."

हेमांगीनं वही मिटली. हे तिला लिहिता आलं नसतं, हे तिला कळलं. आणि ते कळल्याचा थोडा रागही आला.

"बरं, एक सांगा," ती म्हणाली. "खाली पाण्याचे टँकर फिरत असताना देशानं वर यानं सोडावीत का?"

"तुम्ही लिहिलंय ना त्यावर?"

"लिहिलंय तर. गाजलंही."

"मग मला कशाला विचारता, बाई?"

गाजलं होतं हे खरंच. महिन्यापूर्वी एका खासगी कंपनीचं यान चंद्रावर उतरता उतरता आदळलं होतं. हेमांगीनं गेल्या रविवारी त्यावर लिहिलं. त्यात एक तरुण अभियंता होता. चहाच्या टपरीवर डोळे पुसत तो लेखिकेला म्हणतो, "मॅडम, आम्हाला आधीच माहीत होतं. आमचं कुणी ऐकलं नाही."

त्या एका वाक्यानं आठवडाभर रान पेटलं. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मोर्चे निघाले. आजच सकाळी चालता चालता हेमांगीनं मोबाइलवर बातमी वाचली होती, की कंपनीनं चार तरुण अभियंत्यांना घरी बसवलंय. त्या चौघांपैकी कुणी तोंड उघडलं याची चौकशी चालू आहे.

बातमी वाचून तिला वाईट वाटलं. त्याहून थोडं जास्त, एका वाक्यात किती जोर असतो याचं नवल वाटलं.

नऊच्या सुमारास गाव आलं. गावात जैनांचं घर एकच होतं, सुकुमार मगदुमांचं. माताजी शाळेच्या एका खोलीत थांबल्या. हेमांगी मगदुमांच्या घरी गेली, तर पद्माक्का मगदूम पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाकाला लागलेल्या.

"आज तरी आहार निर्विघ्न होऊ दे," पद्माक्का म्हणाल्या. "काल मागच्या गावात दुसऱ्या घासाला केस आला म्हणे. माताजींनी ओंजळ सोडली नि उठल्या. चोवीस तासांत एकदा जेवायचं, पाणीसुद्धा त्याच वेळेला. कालपासून पोटात काही नाही बघा."

"मी पण देऊ शकते का आहार?" हेमांगीनं विचारलं. ओंजळीत घास घालताना कसं वाटतं, हे तिला हवं होतं. असला प्रसंग पुस्तकात शोधून सापडत नाही.

पद्माक्कांनी माताजींना विचारायला सांगितलं. हेमांगी शाळेत गेली.

माताजींनी तिच्याकडे पाहिलं. "आज रात्री जेवायचं नाही. जमेल?"

"जमेल."

"दारात उभं राहून शब्द म्हणावे लागतात. म्हणता येतील?"

"शब्द तर माझा धंदाच आहे, माताजी."

माताजींनी मान डोलावली.

हेमांगीनं विहिरीच्या पाण्यानं आंघोळ केली, पद्माक्कांनी दिलेली कोरी सुती साडी नेसली. शब्द दोनदा ऐकले आणि तिला पाठ झाले. सोपे होते. साधूला दारात थांबवायचं आणि सांगायचं, की माझं मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे. दारातल्या प्रत्येकाकडून हे ऐकल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत.

दहा वाजता माताजी निघाल्या. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला टेकवलेली, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. आहाराला निघालेला साधू बोलत नाही, मागत नाही. ऊन चढलं होतं. चाल मंदावली होती, पण मोडली नव्हती.

दारात पद्माक्का कलश घेऊन उभ्या. शेजारी हेमांगी.

"हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ!"

दोघींचा आवाज एकदम लागला. हेमांगीचा आवाज चांगला होता. व्यासपीठांवर कमावलेला.

माताजी थांबल्या. समोर, दोन पावलांवर.

दोघींनी प्रदक्षिणा घातली. पुन्हा समोर उभ्या राहिल्या.

"मन शुद्ध," दोघी म्हणाल्या.

"वचन..."

पद्माक्का पुढे गेल्या. हेमांगी नाही.

'शुद्ध' हा शब्द ओठांवर होता. मराठीतला साधा, अडीच अक्षरी शब्द. तिनं तो पुस्तकांत हजार वेळा लिहिला असेल. पण आज तो लिहायचा नव्हता. एका उपाशी म्हातारीच्या तोंडाकडे बघून आपल्याविषयी म्हणायचा होता.

टपरीवरचा तो अभियंता तिला आठवला. त्याचे भरलेले डोळे, चुरगळलेला शर्ट. फार जिवंत उतरला होता तो. उतरणारच... तिनं तो शुक्रवारी दुपारी आपल्या टेबलाशी बसून निर्माण केला होता.

घरी बसवलेले चौघं मात्र खरे होते.

पद्माक्कांनी एकटीनं सगळं म्हणून टाकलं आणि कोपरानं हेमांगीला ढोसलं.

माताजी वाट पाहत होत्या. चेहऱ्यावर घाई नव्हती. भूकसुद्धा दिसत नव्हती.

हेमांगीनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

माताजींचा हात खांद्यावरून हळूच खाली आला. त्या वळल्या, आणि आल्या वाटेनं शाळेकडे चालू लागल्या.

"माताजी!" हेमांगी मागे धावली. "म्हणते मी! आत्ता म्हणते!"

पाऊल थांबलं नाही.

पद्माक्कांच्या हातातला कलश हिंदकळला. "एक शब्द, बाई! म्हणून टाकायचा की वो! कोण तपासायला बसलं होतं? काल ते तसं, आज हे असं... आता उद्यापर्यंत घोटभर पाणी नाही त्यांना. या उन्हात!"

त्या आत गेल्या आणि रांधलेल्या भाताकडे बघत बसल्या. सुकुमार मगदूम दारातच उभे होते. ते वाकून कलशातून सांडलेलं पाणी पुसू लागले. हेमांगीला ते जास्त लागलं.

ती मागच्या अंगणात गेली. लिंबाखाली बसून तिनं संपादकांना फोन लावला.

"नाईकनवरे, माझ्या लेखातला तो अभियंता नाहीये."

"नाहीये म्हणजे? नोकरी सोडली?"

"तो कधी नव्हताच. मी रचला."

मग नाईकनवरे आवाज उतरवून म्हणाले, "हेमांगीबाई, आठ दिवसांत लोक विसरतील. तुम्ही कादंबरीकार आहात, एवढं चालतं. गप्प बसा."

"चार माणसं घरी बसलीत."

"खुलासा छापला तर तुमचं सदर जाईल. यंदाच्या सन्मानासाठी तुमचं नाव पुढे आहे, तेही जाईल. पुन्हा कुणी तुमचा शब्द खरा मानणार नाही."

"मजकूर कधीपर्यंत पाठवू?"

"पाचपर्यंत."

सदर पुढे खरोखरच बंद झालं. सन्मान दुसऱ्या कुणाला मिळाला. चौघं महिन्याभरानं कामावर परतले. त्यांतल्या एकानं तिला पत्र पाठवलं, आणि त्यात तिच्याविषयी एकही बरा शब्द नव्हता. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी तिनं वहीतलं एक पान लिहिलं. अकरा कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला चार ओळींना दीड तास लागला.

मग ती शाळेत गेली. खोलीत माताजी पाटावर बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले. समोरून मुंग्यांची एक रांग चालली होती आणि त्या ती पाहत होत्या.

हेमांगी दाराशी बसली.

"माझ्यामुळे उपाशी राहिलात."

माताजींची नजर मुंग्यांच्या रांगेवरच होती.

"मी खोटं म्हटलं असतं तर जेवला असता."

"हो."

"तुम्हाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग मी बरोबर केलं की चूक?"

माताजींनी पिंछीच्या टोकानं पाटावर चढलेली एक मुंगी अलगद खाली उतरवली.

"हातात काय आहे?"

"माझा खुलासा. पाच वाजता जायचाय."

"वाचा."

हेमांगीनं वाचलं. या वेळी आवाज व्यासपीठावरचा नव्हता.

"गेल्या रविवारच्या माझ्या लेखातला अभियंता खोटा आहे. त्याला मी रचलं आणि त्याच्या तोंडचं वाक्यही माझंच आहे. ज्या चौघांना घरी बसवलं आहे, त्यांच्यापैकी कुणालाही मी भेटलेले नाही, कुणाशी बोललेले नाही."

ती क्षणभर थांबली. मग पुढची ओळ वाचली.

"शब्दांच्या बळावर आकाश पेलायला निघालेल्या एका बाईचा माथा आज एका शब्दापुढे टेकला आहे."

कागद खाली ठेवून ती वाट पाहत राहिली.

माताजींनी डोळे मिटले होते. बाहेर कुणीतरी रहाट ओढत होतं, त्याची करकर ऐकू येत होती. पाणी वर आलं, ओतलं गेलं...

"शेवटची ओळ फार देखणी झालीय," माताजी म्हणाल्या. "ती काढा."